पान्यांची पिशवी

“खाली उतरायचं, आत्ताच,” नर्सबाई म्हणाल्या आणि ह्यांच्या बोटाला लावलेला चिमटा काढून घेतला.

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी कशाला बघते? रात्रभर ह्यांना गदागदा हलवत बसले होते. झोपेत ह्यांचा श्वास अडकतो, म्हणून मास्कमधून हवा देणारं मशीन आहे. मी त्याला सवत म्हणते. डॉक्टरांनी बजावलं होतं, उंचावर हवा विरळ, मशीनशिवाय डोळा लावायचा नाही, बॅटरी न्या. मी स्वतः भरली होती. डोंगरातल्या कामगार छावणीत मुक्कामाला होतो, तिथला जनरेटर बंद झाला तेव्हा पिशवी उघडली, तर बॅटरीच्या जागी लोखंडी पाने. आमच्या मुलाचे, नट-बोल्ट आवळायचे.

“दोन्हीचं ओझं तुलाच झालं असतं,” हे म्हणाले होते. जन्मभर पंप दुरुस्त करता करता अक्कल गहाण टाकली ह्यांनी.

मुलगा इथल्याच बोगद्याच्या कामावर होता. मागच्या वर्षी दरड कोसळली आणि तो गेला. बोगद्याच्या तोंडाशी गेलेल्यांच्या नावांचा दगड लावलाय, त्यात त्याचंही नाव. तो बघायला तर आलो होतो, आणि तो अजून बराच वर होता.

“एवढं येऊन परत जायचं?” हे आम्हाला वर न्यायला आलेल्या मुकादमांना म्हणाले. “लांबून दाखवा हवं तर.”

मुकादमांनी नर्सबाईंकडे बोट दाखवलं. शेवटी हेच उठले आणि खाली जाणाऱ्या गाडीत बसले. खिडकीतून पिशवी माझ्या हातात दिली. “तू जाऊन ये. नीट ठेव. त्याला पसारा चालत नाही.”

मी मुकादमांबरोबर वर गेले. नाव दगडावर अगदी खाली होतं, वाचायला बसावं लागलं. एकेक पाना काढून ओळीनं मांडला. प्रत्येकाला ताजं तेल लावलेलं. निघायच्या आधी कधीतरी, मला न सांगता. रात्रभर ज्यांना शिव्या घातल्या, त्यांच्यासाठी जीव तुटला. मग मी रडले, मुकादमांची लाज न बाळगता.

खालच्या गावात पोचले तर हे भर दुपारी मशीन लावून पडले होते. जागेच होते.

“ठेवलेस?” मास्कमधून विचारलं.

“ठेवले.”

“ओळीत?”

“ओळीत.”

ह्यांनी मास्क काढला. माझा हात धरून नाकाशी नेला. तेलाचा वास अजून गेला नव्हता. डोळे मिटून हे तो वास घेत राहिले, छाती भरून, पुन्हा पुन्हा.

“पुरे आता,” मी म्हणाले, आणि ह्यांचे डोळे पुसून मास्क परत लावला.