हरिशंकरपुरमची विजेची बस

अहो, डोकं फिरेल नाही तर काय होईल! चार्जरची तार रात्रभर बसला लावलेली, आणि सकाळी डेपोत येऊन बघतो तर चार्ज कालच्या जागीच, पार तळाला.

"सूर्याजी, तार नीट लावली होतीस ना?"

"लावली ना साहेब. आणि जाताना बॅटरीचा खटकाही बंद केला. विसरलो नाही."

आमचा हा ड्रायव्हर छाती फुगवून सांगत होता. डिझेलच्या गाडीला तो खटका बंद करावाच लागतो, नाही तर सकाळी बॅटरी उतरलेली. आमच्या डेपोतला माणूस जेवण विसरेल, पण खटका विसरणार नाही. या विजेच्या बसचा मात्र खटका बंद केला की चार्जिंगच थांबतं. ते शिकवायला कंपनीचा माणूस येणार होता, तो आलाच नाही. आता सूर्याजीवर ओरडू तरी कोणत्या तोंडाने? ओरडलो, ती गोष्ट वेगळी.

आणि दिवस कोणता, तर ट्रायलचा. बस आमच्या हरिशंकरपुरमवरून महाराज बाड्यापर्यंत धड गेली तर हा रूट तिचा, नाही तर ती दुसऱ्या शहराला जाणार. इतरांना काय, ही नाही तर दुसरी. माझी बायको सुमन मात्र अपघातापासून चाकाच्या खुर्चीत आहे. रिक्षात बसवायला मी तिला उचलतो, आणि उचललं की ती तोंड फिरवते. या बसच्या दाराला जमिनीपर्यंत उतरणारी फळी आहे. ते कळल्यापासून सुमनचं एकच, "नया बाज़ारात माझी मी जाईन. तुम्ही मागे यायचं नाही."

वरच्या ऑफिसातला हेमेंद्र, आमचा पोरसवदा साहेब, त्याला म्हटलं, ट्रायल उद्यावर टाक.

"काका, पाहुणे येऊन बसलेत. फोटो तो होना ही चाहिए."

"मग निदान एसी बंद ठेव."

"इस गर्मी में? मला नोकरी करायची आहे, काका!"

आधीच उल्हास, त्यात फाल्गुन मास! निघालो. पाहुणे गारव्यात गप्पा मारत होते, आणि मी चार्जच्या आकड्याकडे बघत देवाचं नाव घेत होतो.

हरिशंकरपुरमच्या स्टॉपवर सुमन ठेवणीतली चंदेरी नेसून थांबलेली. सूर्याजीने फळी टाकली. सुमन आपल्या हातांनी चाकं फिरवत वर आली. कोणीही तिला हात लावला नाही. माझे डोळे भरून आले, लपवत नाही. बाईसाहेबांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही, कंडक्टरकडे सरळ तिकीट मागितलं.

बस कोपऱ्यापर्यंत गेली. आधी एसी थांबला, मग बसच थांबली. दैव देतं आणि कर्म नेतं, दुसरं काय!

हेमेंद्रने फोन करून डिझेलची बस मागवली. ती खडखडत आली, आणि पाहुणे घाम पुसत तिच्या उंच पायऱ्या चढून गेले.

"काकू, चला ना. हम चार लोग हैं, उचलून घेतो."

"खबरदार हात लावलास तर."

"पण काकू, ट्रायल फेल झाली. ही गाडी आता परत जाणार."

"तुमच्या डिझेलच्या गाड्या रोज कुठे ना कुठे बंद पडतात. त्यांना कधी परत पाठवलंत का रे?"

हेमेंद्रही पायऱ्या चढला आणि डिझेलची बस निघून गेली.

सूर्याजी खाली मान घालून सुमनला उतरवायला फळी टाकू लागला.

"राहू दे," सुमन म्हणाली. तिने खुर्चीचा ब्रेक ओढला. "अहो, ही बस ओढून न्यायला येतील ना, त्यांना सांगा, मला बसवूनच ओढा. इतक्या वर्षांनी माझी मी चढले आहे. एवढ्यात नाही उतरायची."

मी तिच्या शेजारी बसलो. उकाड्याने जीव नकोसा झाला होता, पण उतरू या असं म्हणायची माझी हिंमत झाली नाही.