दुसऱ्या दुर्बिणीची साक्ष

उद्या बायकोला, मुक्ताला, मानसोपचारतज्ज्ञाकडे न्यायचंच, असं मी ठरवलं होतं आणि त्यावरून सकाळपासून आमची जुंपली होती. आमचा मुलगा शंभू कात्रजच्या घाटात ट्रकखाली गेला, त्याला वर्ष होत आलं. पण रोज संध्याकाळी सोसायटीच्या गेटाशी त्याची बाईक वाजते, असं ही बाई म्हणते. मी शेजारीच बसलेला असतो, मला काही ऐकू येत नाही.

"तुमचे कान कधी धड होते?" ती म्हणाली.

"कान धड आहेत. डोकं कुणाचं फिरलंय ते उद्या कळेल," मी म्हणालो. बोलून गेलो खरा.

संध्याकाळ होत आली होती, तेवढ्यात सबा आली. शंभूबरोबर पीएच.डी. करणारी मुलगी. चपला काढता काढताच म्हणाली, "काका, शंभूचा ग्रह खरा निघाला!"

त्या ग्रहापायी पोरगं जेवण विसरायचं. एका ताऱ्यासमोरून दुसरा तारा सरकला, की मागचा काही दिवस जास्त उजळतो म्हणे. त्या उजळण्याच्या आलेखात शंभूला आणखी एक छोटासा उंचवटा दिसला होता. पुढच्या ताऱ्यापाशी गुरूएवढा वायूचा गोळा असल्याची ती खूण, हे त्याचं म्हणणं. सर म्हणाले, यंत्राची चूक आहे, काढून टाक. हा काढतोय कसला! हट्टी, आईवर गेलेला.

"आता चिलीतल्या दुर्बिणीच्या त्या वेळच्या निरीक्षणांतही तोच उंचवटा सापडलाय," सबा म्हणाली. "एकाच दुर्बिणीला दिसलं तर आम्ही धरत नाही. दुसरीकडूनही दिसावं लागतं."

"त्यांना आधी कुणी सांगितलं नव्हतं ना?" मुक्तानं विचारलं.

"नाही काकू. म्हणून तर मानायचं."

"पुन्हा दिसेल?"

"नाही. ते तारे पुन्हा असे एका रेषेत येणार नाहीत."

मुक्ता चहा टाकायला आत गेली. किती शहाण्यासारखं बोलली, मला हायसं वाटलं. शोधनिबंधावर शंभूचं नाव पहिलं येणार, असं सबा सांगत होती. मध्येच तिनं दाराकडे मान वळवली आणि सहज म्हणाली, "आला बघा. सायलेन्सर अजून बदलला नाही यानं."

मग तिचा चेहरा पांढराफटक पडला. मुक्ता स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. सबाला आम्ही दोघांनीही यातलं काही सांगितलं नव्हतं.

मी धावत गॅलरीत गेलो. गेटाशी वॉचमन पेंगत होता. मी श्वास रोखून, कठडा घट्ट धरून ऐकत राहिलो. काही नाही. अगदी काही नाही.

"शंभ्या!" मी ओरडलो. "सगळ्यांना ऐकू येतोस. अरे, बापानं काय घोडं मारलंय तुझं?"