शेंदराखालचा देव

त्या दसऱ्यानंतर बारामतीत एका दारापुढं जेवढ्या चपला जमल्या, तेवढ्या आठवडे बाजारातही कधी जमल्या नसतील. रांगेचं शेपूट मार्केट यार्डापर्यंत गेलं होतं. इंदापूरची एसटी त्या चपलांवरून दोनदा घसरली, असं मी सांगेन. तुम्ही त्यातली एक खेप वजा करून ऐका.

देव प्रकटला होता रणजितच्या कॉम्प्युटर क्लासात. तिथली सगळी मशीनं वायरीनं आतल्या एका मोठ्या मशीनला जोडलेली. त्याला सर्व्हर म्हणत. सर्व्हर प्लायवूडच्या पार्टिशनमागं एसीत बसे आणि पोरं बाहेर घामात. यंदा पोरंही आटली होती. निम्म्या खुर्च्या रिकाम्या. खंडेनवमीला रणजितनं मशीनांना हळदकुंकू वाहिलं आणि दुसऱ्याच दिवशी खिडकीजवळच्या मशीनवर, कुणाचं बोट न लागता, अक्षरं उमटली!

पाठोपाठ यंत्रनाथ महाराज उगवले. कुठून, ते विचारायचं नसतं. त्यांनी पडद्याच्या तळाशी, डाव्या अंगाला, चांगला चार बोटं रुंद शेंदूर थापला आणि पाटावर बसून सुरू झाले, "देव आधी दगडात होता. मग तसबिरीत आला. आता काचेत आलाय! करंट हा त्याचा श्वास, पंखा हे त्याचं चवरी ढाळणं!"

या देवाच्या खोडी न्याऱ्या. बोलायचा मराठी, पण लिहायचा इंग्रजी अक्षरांत. एका ओळीच्या वर कधी जात नसे. ओळ उमटली की मशीन गोठायचं; मग महाराज "मोक्षमुद्रा!" म्हणत दोन बटणं एकदम दाबत, आणि ओळ गुप्त.

दसऱ्याच्या तिसऱ्या दिवशी इंदापूरहून गोजरबाई आली होती, तिशीतल्या लेकाला, सोपानला घेऊन. तो कारखान्यावर उसाचा ट्रॅक्टर चालवायचा. फिट येऊ लागल्या आणि घरी बसला. पण डॉक्टरांच्या गोळ्या सुरू झाल्यापासून पावसाळाभर एकही फिट नव्हती.

"म्हाराज, गोळ्यांनी पोरगं निस्तं पेंगतंय. बंद करू का?"

महाराजांनी तोंड पार्टिशनकडं वळवलं आणि खच्चून ओरडले, "गोजरबाई विचारतेय, सोपानच्या गोळ्या बंद करू का?"

"वरडता कशाला? मी भैरी न्हाय."

"देवाला ऐकू जायला नको?"

मला तिथंच वास आला. जन्मभर थापा मारलेल्या माणसाला दुसऱ्याची थाप लांबून कळते. देव काचेत, मग आरोळी प्लायवूडला का?

ओळ उमटली. महाराजांनी वाचली, "गोळ्या बंद. अंगारा लाव."

"आये, नगं," सोपान पुटपुटला. तोवर गोजरबाईनं कमरेच्या पिशवीतून गोळ्यांची पाकिटं काढलीही होती.

"मावशी, थांबा!"

दारात ज्योत्स्ना मॅडम. ही लॅब त्याच सांभाळायच्या. नागपूरला दीक्षाभूमीवर गेल्या होत्या, आत्ताच परतल्या होत्या. पिशवी अजून खांद्यावरच. "देवाचं ऐकायचं तर त्याचं नाव तरी वाचून घ्या."

"नाव? कुठं हाय?"

"शेंदराखाली."

महाराज ताडकन उठले. "हात लावाल तर जळून खाक व्हाल!"

"ही काच मी दर शनिवारी पुसते. अजून भाजले नाही."

महाराजांचे हात घाईनं मोक्षमुद्रेकडं निघाले. सोपाननं मनगट धरलं. ट्रॅक्टरचं स्टिअरिंग वळवणारी पकड ती. "ऱ्हाऊ द्या म्हाराज. वाचू की जरा."

मॅडमनी फडक्यानं शेंदूर पुसला. सोपान एकेक अक्षर लावत वाचू लागला, "फ्रॉम... र... ण... जित. मॅडम, फ्रॉम म्हंजी?"

"कडून."

"रणजितकडून! गोळ्या बंद!"

गोजरबाईनं पाकिटं परत पिशवीत कोंबली. मग ती पार्टिशनवर धडकली. "आरं रणजित! तू द्येव कवा झालास रं? आपल्या इंदापूरच्या आळीत तुझं बारसं जेवलीया मी!"

आत खुर्ची करकरली. एसीनं गारठलेला देव शाल पांघरून बाहेर आला आणि मॅडमवरच खेकसला, "पगार कोण देतं तुम्हाला?"

"लॅब सांभाळायचा पगार देता, सर. तीच सांभाळतेय." मग त्या लोकांकडं वळल्या. "एका मशीनवरून दुसऱ्यावर निरोप धाडायची ही साधी सोय आहे. एरवी सर पोरांना 'गप्प बसा' म्हणून धाडतात. धाडणाऱ्याचं नाव सर्व्हर आपणहून पुढं लावतो, म्हणून हा शेंदूर. निरोप एका ओळीचाच मावतो, म्हणून देव कमी बोलतो. आणि दोन बटणं दाबली की तो पुसला जातो. ती तुमची मुद्रा."

तरी मागून कुणी म्हणालं, "पण देवाच्या मनात असंल तर..." तेव्हा मॅडमनी दुसरं मशीन आपल्या नावानं उघडलं, गोजरबाईला त्यापुढं बसवलं आणि बोट धरून निरोप टाईप करवला. खिडकीजवळच्या पडद्यावर मॅडमचं नाव उमटलं आणि त्यापुढं: लबाड मेल्या.

"आगं बया! मी बी द्येव झाले का?"

सगळी रांग हसली. त्या हसण्यात महाराज सटकले, अनवाणीच. त्या ढिगात त्यांना स्वतःच्या चपला सापडेनात.

देव मानायचा की नाही, ते तुमचं तुम्ही बघा. पण औषध सोड म्हणून कुणी सांगितलं, काचेतून सांगो नाहीतर दगडातून, तर आधी विचारा, बोलतंय कोण? आणि शेंदूर जिथं जाड दिसेल, तिथं बेलाशक फडकं मारा.

गोजरबाईनं देवापुढचा नारळ उचलून उंबऱ्यावर फोडला आणि सोपानपुढं धरला. "घे पानी. गोळी गीळ."

सोपाननं सगळ्यांदेखत गोळी गिळली. वर खोबरंही खाल्लं.