चुकलेलं जनावर

"पुन्हा गिनी पिग?" डॉ. उमाशंकरांनी अर्ज टेबलावर आपटला. "अठ्ठेचाळीस उंदीर हायेत आपल्याकडं. मॅडमना गिनी पिगच पाहिजेत!"

लातूरच्या त्या फार्मसी कॉलेजात प्राण्यांवरच्या प्रयोगांना परवानगी देणारी समिती बसली होती. धमनीत गुठळी धरू न देणारं एक औषध मंजुश्री उमाशंकरांच्या हाताखाली तीन वर्षं तपासत होती. ते कोणत्या जनावरावर अजमावायचं, हे आज ठरणार होतं. जनावर चुकलं की चांगलं औषधही बाद.

"सर, गुठळी बांधायला ज्या बारीक पेशी धावून येतात, त्यांच्यावरची एक कडी, म्हणजे रिसेप्टर, आपलं औषध अडवतं. ती कडी माणसाच्या पेशीवर असते, गिनी पिगच्याही. उंदराच्या पेशीवर ती नसतेच."

"म्हणजे सोमेशचं काम खोटं? त्या पेपरवर माझं नाव हाय!"

सोमेश म्हणजे सरांचा आधीचा विद्यार्थी. त्यानं उंदराच्या मानेतली धमनी उघडून तिच्यावर फेरिक क्लोराइडात भिजवलेला कपटा ठेवला होता आणि गुठळी धरून रक्ताचा प्रवाह थांबायला किती मिनिटं लागतात ते मोजलं होतं. निष्कर्ष काढला, या जातीच्या औषधाला गुण नाही.

"काम नेटकं हाय सर. जनावर चुकलं."

सरांचे कान लाल झाले. पंधरा वर्षांत त्यांनी प्राणिगृहाचा उंबरा ओलांडला नव्हता. 'गळ्यात इष्टलिंग हाय माझ्या, लिंगायताला हिंसा चालत न्हाई,' म्हणायचे. कापाकापी पोरांनी करायची, आकडे सरांनी वाचायचे. इष्टलिंग मंजुश्रीच्याही गळ्यात होतं. सुरी लावण्याआधी ती प्रत्येक जिवाच्या पाठीवरून बोट फिरवायची.

"दया यायली का उंदरांची?" सर म्हणाले.

"येते. उत्तर आधीच माहीत असताना अठ्ठेचाळीस जीव घेणं माझ्या हातून व्हायचं न्हाई."

"दया घरी ठेवा," नांदेडहून आलेल्या सदस्य डॉ. शिवकांता फटकन म्हणाल्या. "पुरावा?"

मंजुश्रीनं आलेख पुढं सरकवला. "हे माझं रक्त, हे गिनी पिगचं, हे उंदराचं. तिन्हींत ती कडी ओढणारं द्रव्य घातलं. पहिल्या दोन्हींतल्या पेशी गोळा झाल्या, उंदराच्या जागच्या हलल्या न्हाईत."

"उंदराचं रक्त शिळं असंल," सर म्हणाले.

"दुसऱ्या द्रव्यानं त्याच पेशी लगेच गोळा झाल्या. खालची रेघ बघा."

शिवकांताबाईंनी रेघ बघितली. पुन्हा बघितली. "सहा गिनी पिग. आधी तेवढ्यांवर दाखवा."

उमाशंकरांनी खिशातला पेन काढला आणि अर्जावरचं स्वतःचं नाव खोडलं. "मग गाईडही दुसरा शोधा. माझ्याच ताटात जेवून मलाच शिकवायला निघाली!"

गाईडशिवाय परवानगीचा कागद म्हणजे नुसती रद्दी, हे सगळ्यांनाच माहीत होतं. मंजुश्रीला क्षणभर उंदीर सोपे वाटले. हो म्हटलं की पुढच्या वर्षी डॉक्टर. फक्त एक खोटा 'नाही' लिहायचा, आणि ज्याची धमनी तुंबेल त्याला हे औषध कधीच मिळणार नाही.

"उंदरांच्या अर्जावर मी सही करणार न्हाई," ती म्हणाली.

"नांदेडला या मग, माझ्या हाताखाली," शिवकांताबाई फाइल बांधता बांधता म्हणाल्या. "पण ह्यांच्यापेक्षा मी वाईट हाय. सुट्टी देत न्हाई, कौतुक तर मुळीच न्हाई."

"आठ महिन्यांची लेक हाय, बाई. तिला घेऊन यावं लागंल."

"आणा की. रडली तर तुम्हीच उचलायचं. सोमवारी, सकाळी नऊला."