सगळा इतिहास आणा

रत्नमालाने कर्सर कोडमधल्या त्या ओळीवर नेला आणि बटण दाबलं. ओळ कोणी लिहिली आणि कधी लिहिली, हे नवं टूल लगेच सांगतं. तिला फक्त तारीख हवी होती. मानोऱ्याकडच्या एका शाळेतून दौलतसिंग सरांचा सकाळीच फोन आला होता. दाखल्यावर मुलीची जन्मतारीख अक्षरी छापताना ‘दोन हजार शून्य आठ’ येत होतं आणि पोरीचा बाप शाळेच्या पायरीवर बसून होता. असली चूक जुन्या कुठल्यातरी बदलात दडलेली असते. बदल सापडला की पाच मिनिटांचं काम.

पडद्यावर आलं : नमन ज्ञानचंद, रविवार, चार वाजून दहा मिनिटं.

नमनने? गेल्या वर्षभरात नमनने कोडला हात लावला नव्हता. तो शाळा फिरायचा, मुख्याध्यापकांसोबत चहा प्यायचा, नवं काम आणायचा. तिने खालची ओळ पाहिली. नमन, रविवार, चार दहा. हजेरीचं पान उघडलं, निकालाचं उघडलं. सहा वर्षांच्या साठ हजार ओळी, आणि एकूण एक नमनने रविवारी चार वाजून दहा मिनिटांनी लिहिलेल्या. आता बोला! माणूस आहे की छापखाना!

तिला हसूच फुटलं. येड्याने जुन्या जागेतून नव्या टूलमध्ये सामान हलवलं आणि नावांच्या चिठ्ठ्या मागेच विसरून आला, असंच तिला वाटलं.

कंपनी म्हणायची ती या दोघांचीच. कारंज्यात नमनच्या वडिलांच्या, ज्ञानचंदकाकांच्या धान्याच्या दुकानावर एक खोली, दोन टेबलं आणि खडखडणारा कूलर. वाशीमला कॉलेजात दोघं एका वर्गात होते. तिथून बाहेर पडल्यावर शाळांसाठी दाखल्यांचं सॉफ्टवेअर करायचं त्यांनी ठरवलं. रत्नमाला मंगरूळपीरहून रोज आठच्या बसने यायची. कागदोपत्री नाव नमनचं लागलं, कारण खोली त्याची आणि विजेचं मीटर त्याच्या बापाचं. ‘दोघांचं आहे’ हे तोंडी होतं, आणि ते तोंडी आहे हे तिला सहा वर्षांत एकदाही खटकलं नव्हतं.

कोड ठेवायची जुनी सोय या महिन्यात बंद होणार होती. नवं टूल निवडायचं काम तिने पंधरा दिवस केलं. तीन टूल वापरून पाहिली आणि वहीत तक्ता मांडला. नेट मंद असलं तर चालतं का, मराठी अक्षरं फुटतात का. शेवटचा रकाना होता, ‘जुना इतिहास नावांसकट येतो का?’ तिन्हींतल्या एकाच टूलपुढे ‘हो’ आलं. तिने त्याच्याभोवती लाल पेनाने गोल केला आणि वही नमनच्या टेबलावर ठेवली.

शनिवारी रात्री त्याने फोन केला होता.

“रत्ना, जुने नावं नसले आणायचे, तं?”

“तं मंग ‘सगळा इतिहास आणा’ असा एक चौकोन येते. त्याच्यातली खूण काढाची. पण कायले काढतं?”

“असंच. माहीत असावं म्हणून.”

आणि तिने त्याला समजावून सांगितलं होतं. चौकोन कुठल्या पानावर आहे, कुठल्या कोपऱ्यात आहे, सगळं! खूण काढली तर नंतर टूलला ती नावं परत आणता येत नाहीत, जुनी कॉपीच लागते, हेही बजावलं होतं. हसता हसता तिला ते आठवलं.

जिन्यावर चपला वाजल्या. नमन वर आला.

“काय बावा, रविवारी साठ हजार ओळी लिवल्या म्हणे तू. बोटं नाई दुखले काय?”

नमन हसला नाही.

“खूण निंघून गेली असंन तुह्याच्यानं,” ती घाईने म्हणाली. तो चुकला असावा, एवढंच तिला हवं होतं. “माह्या लॅपटॉपवर जुनी कॉपी हाय, नावासकट. आत्ता चढवू.”

“राहू दे.”

“काहून?”

“पुण्याची एक कंपनी आपलं सॉफ्टवेअर विकत घेऊन राह्यली.” तो खुर्चीवर बसला नाही. “त्यायले एका माणसाचं लिवलेलं पाह्यजे. दुसऱ्याचं नाव निंघालं तं त्या दुसऱ्याची सही लागते.”

“मंग माही सही घेतली असती.”

“तू नाई म्हटलं असतं तं?”

“इचारून तं पाह्यचं होतं!”

तिने पडद्यावर ‘सदस्य’ असं लिहिलेलं पान उघडलं. टूल मराठीत चालतं याचं तिनेच कौतुक केलं होतं. त्या मराठीत आता लिहिलं होतं : नमन, मालक. रत्नमाला, पाहुणा. केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच, आणि केस तिनेच निवडून, पारखून, लाल गोल करून त्याच्या हातात दिला होता.

“अजून एक हाय,” नमन म्हणाला. “दुसरी कॉपी कुठंच नाई, असं मले लेहून द्या लागते. माह्याकडची मी पुसली. तुह्याकडचीच राह्यली फक्त.”

“पुसू म्हणतं?”

“मले समजते रत्ना, तुले वाईट वाटत असंन.”

“नाई समजत तुले.”

तिने लॅपटॉप त्याच्याकडे वळवला. जुनी कॉपी उघडली आणि सहा वर्षांची यादी त्याच्यासमोर धरली. प्रत्येक बदलासोबत एक नाव, एक तारीख आणि तिने लिहिलेली एखादी ओळ. बहुतेक ठिकाणी रत्नमाला. मधूनच कुठे नमन.

“हे तुह्या नावाचे हायेत. वाच.”

तो वाकला. ‘बारा ऑगस्ट. हजेरीचं पान. नमनचे बाबा नागपूरला दवाखान्यात. त्याच्या वाटचं मी केलं, नाव त्याचं टाकलं.’ त्याने खाली सरकवलं. ‘तीन सप्टेंबर. नमनच्या घरी बाबांची तेरवी. निकालाचं पान मी पूर्ण केलं, नाव त्याचं.’ आणखी खाली. ‘नाव त्याचं.’ ‘नाव त्याचं.’ वाचताना त्याचे ओठ हलत होते. कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

“काहून केलं असं?” त्याने हळूच विचारलं.

“तुहे बाबा दवाखान्यातून फोन करून इचारत होते, याच्यात आमच्या पोराचं काम किती म्हणून. ते गेल्यावर तुही आई इचारे. त्यायले सांगाले काहीतरी पाह्यजे होतं.”

रत्नमालाने यादी मिटली, कॉपीच्या फोल्डरवर कर्सर ठेवला आणि खुर्ची मागे सारून उठली.

“मी नाई पुसत. पुसाचं असंन तं तू पूस. तुह्या हातानं.”

हे वाचल्यावर तो पुसणार नाही, याची तिला खात्री होती. खात्री कसली, आशाच. पण सहा वर्षं एका खोलीत डबा वाटून खाल्लेल्या माणसाबद्दल एवढी आशा ठेवली तर काय चुकलं?

नमनने बटण दाबलं. ‘खरंच कायमचं पुसायचं?’ लॅपटॉपने विचारलं. नमनने एकदा तिच्याकडे पाहिलं, अगदी ओळखीच्या नजरेने, जसा तो परीक्षेत उत्तर विचारायला बघायचा. मग त्याने ‘हो’वर दाबलं. एक हिरवी पट्टी डावीकडून उजवीकडे भरत गेली. भरायला मिनिटभर लागलं, आणि त्या मिनिटात थांबवायचं बटण त्याच्या अंगठ्याखालीच होतं.

पट्टी संपली.

रत्नमाला रडली नाही. तिने चार्जरची वायर काढून गुंडाळली.

“मी तुले वाऱ्यावर सोडत नाई,” नमन भराभर बोलू लागला. “पुण्याले तुह्यासाठी शब्द टाकतो. नोकरी लावून देतो तिथंच, आईशप्पथ. उद्याच फोन करतो त्यायले. रत्नमाला म्हणून हाय, सहा वर्षं माह्यासोबत होती, असं सांगतो.”

“अन् काय करत होती म्हणून सांगशील?”

नमनने तोंड उघडलं. खाली दुकानात त्याची आई, अंगुरीबाई, कुणाला तरी तुरीचा भाव सांगत होती, तो वरपर्यंत स्पष्ट ऐकू आला. रत्नमालाने त्याच्या हाताखालून आपला लॅपटॉप ओढून घेतला, बॅगेत टाकला आणि ती जिना उतरू लागली.