देवमाशाचा श्वास

देवमासा हा मासा नाही, हे भिंगरी भेटेल त्याला सांगायची. दाताच्या डॉक्टरांना, शेजारच्या काकूंना, लिफ्टमधल्या अनोळखी माणसालासुद्धा. "तो आपल्यासारखा हवेत श्वास घेतो. वर आला नाही तर बुडून मरेल." म्हणूनच म्युझियमच्या तळघरातल्या देवमाशाने तिच्या जिवाला घोर लावला होता.

तिथली खोली तशी साधीच. मधोमध एक फिरती खुर्ची आणि खुर्चीवर हेडसेट. तो डोळ्यांवर चढवला की आपण थेट समुद्राच्या तळाशी. म्युझियममध्ये हल्ली असल्या गोष्टी बऱ्याच येतात. ऑटिझम असलेल्या माणसांना त्या कशा वाटतात, हे मात्र त्यांना फारसं कुणी विचारत नाही. तेच शोधायला एक संशोधक ताई तिथे बसली होती. भिंगरीला ऑटिझम आहे, म्हणून आत्याने तिचं नाव सुचवलं, आणि "येशील का?" असं विचारल्यावर भिंगरी "देवमासा आहे ना? मग येईन," म्हणाली.

पण पहिल्या दोन्ही खेपांना एकच झालं. देवमासा अंधारातून हळूहळू वर निघाला, भिंगरीचे हात पंखांसारखे फडफडू लागले, आणि ताईने बटण दाबून सगळं बंद केलं. नियमच तसा होता. हात जोरात हलू लागले की मूल घाबरलंय असं समजायचं आणि लगेच थांबायचं. नियम मायेनेच केलेला होता. पण देवमासा दोन्ही वेळा पाण्याखालीच राहिला.

घरी जेवताना भिंगरी मध्येच घास थांबवायची. "आत्या, त्याने श्वास घेतला असेल?"

"घेतला असेल गं."

"तू पाहिलंस?"

"नाही."

"मग?"

आत्या भात वाढायला उठली.

आज शेवटची खेप होती. उद्या खुर्ची आणि समुद्र दोन्ही दुसऱ्या गावच्या म्युझियममध्ये जाणार होते. जिना उतरताना आत्या हळूच म्हणाली, "हे बघ, आज हात मांडीखाली दाबून बस. म्हणजे ती बंद करणार नाही."

"बरं," भिंगरी म्हणाली.

आणि खरंच, आज सगळं अगदी शेवटपर्यंत चाललं. ताईने हेडसेट काढला तेव्हा तिचा चेहरा खुलला होता. "शाबास! किती शांत बसलीस!"

आत्याचा जीव भांड्यात पडला. "मग, आला का तुझा पाहुणा वर?"

"माहीत नाही."

"अगं, डोळ्यांसमोर तर होता!"

"मी हात धरत होते," भिंगरी म्हणाली. "हात धरताना बघता येत नाही."

ताई तिच्यासमोर जमिनीवरच बसली. "धरले नसतेस तर?"

"हलले असते."

"म्हणजे तू घाबरली असतीस?"

भिंगरीने भिंतीकडे बघत बराच वेळ विचार केला. ताईने घाई केली नाही. "घाबरल्यावर ते हलत नाहीत. दगड होतात. खूप आवडलं की हलतात."

"अगं बाई, खरंच की!" आत्या म्हणाली. "बाबा गावाहून आला की दारातच सुरू होतात!"

"अहो, मग मला सांगायचंत ना!"

"तुम्ही विचारलंत कुठे? मला वाटलं, या खोलीतलं तुम्हालाच कळत असणार."

"आणि मी दोनदा..." ताई म्हणाली.

"दोनदा देवमासा बुडवलास," भिंगरीने वाक्य पुरं केलं. तिच्या आवाजात राग नव्हता. झालं ते तिने सांगितलं, इतकंच.

ताई दाराबाहेर गेली, फोनवर आपल्या सरांशी बोलली आणि परत आली. "पुन्हा बघायचंय? पण एक सांग. तुला थांबायचं असेल तर मला कसं कळेल? बोलशील?"

"नाही. तेव्हा शब्द आत जातात. पाय आपटेन."

हेडसेट चढवला, समुद्र सुरू झाला आणि भिंगरीने लगेच पाय आपटला. ताईने धडपडत बटण दाबलं. "काय झालं?"

"काही नाही. चालतंय का बघितलं." एखाद्या लिफ्ट तपासणाऱ्या साहेबाच्या थाटात भिंगरी म्हणाली, "चालतंय. आता लाव."

भिंगरीला आत जे दिसत होतं तेच आत्या आणि ताई समोरच्या पडद्यावर बघत होत्या. खाली काळोख, काळोखात एक हलणारा डोंगर. डोंगर वर निघाला. भिंगरीचे हात फडफडू लागले, मग आणखी जोरात, खुर्ची करकरू लागली. ताईचं बोट सवयीने बटणाकडे गेलं. तिने ते मागे घेतलं, ते पुन्हा निघालं. शेवटी तिने हात मांडीखाली दाबून धरला आणि नजर भिंगरीच्या पायांवर ठेवली. पाय निवांत होते.

पाणी निळं झालं, मग पांढरट. मग फस्सकन आवाज झाला आणि तुषारांचं एक उंच झाड आभाळात उभं राहिलं.

हात अलगद खाली आले. भिंगरीनेही लांब श्वास सोडला. जणू इतके दिवस तिनेच तो कोंडून धरला होता.

"घेतला," ती म्हणाली.

हेडसेट काढून तिने इकडेतिकडे पाहिलं आणि तिची नजर ताईवर थांबली. "तू हातावर का बसलीस?"

"नाहीतर बटण दाबलं असतं मी."

"मग तुला दिसला का तो?"

ताई ओशाळून हसली. "नाही गं. मी तुझे पाय बघत होते."

भिंगरी खुर्चीवरून उठली आणि हेडसेट ताईपुढे धरला. "बस. मी तुझे पाय बघते. हात मोकळे ठेव."