टोपीखालचा भाव

पाटीवर खडूनं लिहिलं होतं:
मोराचं अंडं ऐंशी युआन.
महिन्याचं पिल्लू एकशे ऐंशी.
अंड्यातून पिल्लू निघालं नाही तर आमची जबाबदारी नाही.

सूफेन हे सकाळी लिहायची आणि दुपारपर्यंत तिचा सासरा ओल्या फडक्यानं पुसून टाकायचा. भांडण एवढंच, पण रोजचं. त्यांच्या आणि माझ्या अंगणात कमरेइतकी दगडी भिंत आहे. ऐकायचं नाही असं ठरवलं तरी ऐकू यायचं.

"बाबा, पाटी कुनी पुसली?"

"दवानं."

"दव दुपारचं पडतंय व्हय?"

"मंग भाव काय भिंतीला टांगायची वस्तू हाय? उद्या घराची किल्लीबी टांग तिथंच."

"लोक फोन करून इचारत्यात. त्यांना काय सांगू? फोनमधी हात घाला म्हनू?"

म्हातारा फडकं पिळत बसायचा आणि पिंजऱ्यातला मोर ओरडायचा. त्या मोराला नेमकी अशीच वेळ सापडायची.

म्हाताऱ्याचं नाव छू छांगशुन. बैलांचा दलाल. चाळीस वर्षं त्यानं बाजारात बैल विकले, पण तोंडानं कधी भाव सांगितला नाही. थंडीत अस्तनीत आणि उन्हाळ्यात गवती टोपीखाली हात घालून बोटं धरायची. वर गप्पा पावसापाण्याच्या, खाली सौदा. एक ते पाच साधी बोटं. अंगठा-करंगळी म्हणजे सहा. तीन बोटांची चिमूट सात. अंगठा आणि तर्जनी ताणली की आठ. तर्जनीचा आकडा केला की नऊ. नुसती मूठ म्हणजे दहा. दहा की शेकडा, ते मालावरून समजायचं. मान्य असेल तर समोरच्याचा हात दाबायचा. हात बाहेर आला की सौदा झाला, मग आकाश कोसळलं तरी बदल नाही.

बैल गेले, ट्रॅक्टर आले. चार वर्षांपूर्वी त्याच्या मुलानं तीन मोर आणि बारा लांडोरी आणल्या, आणि दुसऱ्याच वर्षी तो चिंगताओला जहाजांच्या कारखान्यात निघून गेला. पक्षी राहिले बायकोला आणि बापाला.

मी शेजारची. मला थंग काकू म्हणतात. या गोष्टीत माझ्या कोंबड्या आहेत म्हणून मी आहे. लांडोरीची अंडी काढून घेतली की ती आणखी घालते, म्हणून तिला बसू देत नाहीत. आणि अंडी उबवायचं मशीन घ्यावं तर आमच्या डोंगरात वीज कधी जाईल सांगता येत नाही. म्हणून माझी कोंबडी खुडूक झाली की भिंतीवरून तिकडे जाते. स्वतःच्या अंड्यांवर एकवीस दिवस बसणारी बिचारी मोराच्या अंड्यांवर अठ्ठावीस दिवस बसते, आणि परत येते तेव्हा उचलली तर हातात नुसती पिसं लागतात.

सूफेनही तशीच दिसायला लागली होती.

मध्येच थांबून भावाचं सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही.

दहा अंडी ठेवली तर आठ फुटतात. आठातली पाच महिनाभर जगतात, तीही जमीन कोरडी राहिली तर. म्हणजे एका पिल्लाच्या अंगावर दोन अंडी बसलेली असतात, शिवाय दाणा, शिवाय शेकोटी, शिवाय रात्रीत चारदा उठणं. अंडं स्वस्त केलं तर लोक घरीच उबवतात आणि पुढच्या साली तुमच्याच दारासमोर पाटी लावतात. महाग केलं तर म्हणतात, आतून काय निघेल कुणी बघितलंय. महिन्याच्या पिल्लात नर कुठला, मादी कुठली, ते मोरालाही कळत नाही. गिऱ्हाइकाला मात्र सगळे नर हवे असतात, आणि तेही पिसाऱ्यासकट.

हे सगळं डोक्यात धरून सूफेन पाटी लिहायची. यंदा पिल्लं नीट भावानं गेली नाहीत तर सगळे पक्षी विकायचे आणि जूनअखेर यानथायला जायचं, असं तिनं ठरवलं होतं. तिथं मासे साफ करायच्या कारखान्यात तिच्या बहिणीनं जागा धरून ठेवली होती. जाडजूड कपड्यांनी भरलेली पिशवी दाराशी तयार होती. म्हातारा येताजाता त्या पिशवीला वळसा घालायचा. पायानं बाजूलाही सारायचा नाही.

गव्हाची कापणी संपली होती. पाऊस नव्हता. भुईमुगाच्या रानात खुरपं घातलं की खडा वाजायचा. अशा एका सकाळी फू आला.

फू म्हणजे धरणाकाठच्या खाणावळीचा माणूस. तिथं शहरातली जोडपी लग्नाचे फोटो काढायला येतात. त्यांना मागे मोर लागतो. त्याला महिन्याची तीस पिल्लं हवी होती. सूफेन रानात होती. म्हाताऱ्यानं टोपी गुडघ्यावर ठेवली आणि फूनं आत हात घातला.

टोपीच्या वर: "छू काका, पानी कवा येनार हो?"

टोपीखाली: मला दिसलं नाही.

वर: "येईल की. बारा तारखेला यायचं तिकीट काढलंय पावसानं."

खाली: दिसलं नाही.

वर फूनं पावसाचं सोडून दिलं. म्हाताऱ्याच्या तोंडाकडे बघत राहिला, जेवताना दाताखाली खडा आल्यासारखा. मग हात बाहेर काढून कपाळ पुसलं. "बरं. दहा दिसांनी येतो न्यायला."

फाटकाशी त्याला सूफेन भेटली, डोक्यावर भुईमुगातलं तण घेऊन. तिनं विचारलं, कितीला ठरलं. फूनं तर्जनीचा आकडा करून दाखवला.

"एकशे नव्वद?"

"नव्वद, वैनी." त्यालाच अवघडल्यासारखं झालं. "मी तर नुसती सुरुवात केली व्हती. सगळे खालनंच सुरू करत्यात. त्यांनी हात दाबला."

सूफेननं तण खाली टाकलं. ती ओरडली नाही. ओरडली असती तर मला बरं वाटलं असतं. तिनं खडू घेतला.

पाटीवर:
अंडं ऐंशी.
महिन्याचं पिल्लू नव्वद.
हसायचं नाही.

ती पाटी म्हाताऱ्यानं पुसली नाही.

दोन दिवस दोघं एकमेकांशी बोलले नाहीत. मक्याच्या पातळ पोळ्यांत कांद्याची पात गुंडाळून दोघं दोन उंबऱ्यांवर बसून खायचे. तिसऱ्या दिवशी मी माझी तांबडी कोंबडी बघायला भिंतीपलीकडे गेले. म्हातारा तिच्याखाली हात घालून अंडी चाचपत होता आणि माझ्याशी बोलत होता. बाजारातल्या जुन्या गोष्टी.

"थोरले भाऊ," मी म्हटलं, "हात काढा."

"का?"

"ती चावतीय तुमाला."

खुडूक कोंबडी चोच मारते ती साधी नसते, कातडं धरून पिळते. तांबडी त्याच्या बोटाला लोंबकळत होती. अंड्यावर रक्ताचे थेंब पडले होते. म्हाताऱ्यानं खाली वाकून बघितलं आणि मगच हात काढला.

सूफेन पाण्याची बादली घेऊन मागे उभी होती. तिनं बादली ठेवली.

"कवापासनं?"

"कोंबडीच हाय, मारती कवातरी."

"बाबा, कवापासनं?"

म्हातारा रक्ताळलेलं बोट दुमडून मुठीत लपवायला बघत होता. "थंडीत बर्फावर घसरलो त्या दिसापासनं. बोटं हायती. पर आत कुनी ऱ्हात न्हाई."

"मंग टोपीखाली काय करत व्हता?"

"तोंडाकडं बघत व्हतो. चाळीस वर्सं बघितल्यात तोंडं. वाटलं, तेवढ्यावर भागंल."

"मला सांगायचं तरी."

"तू पिशवी भरून बसलीयास. भाव करनाराबी गेला म्हटल्यावर तू थांबनार कशापायी?"

सूफेननं त्याचा हात ओढून बादलीत बुडवला. पाणी थंड होतं की गरम, ते त्याला विचारण्यात अर्थ नव्हता.

मी म्हटलं, फूला सांगा की खरं काय ते, सौदा मोडा. म्हातारा नाही म्हणाला. सूफेनही नाही म्हणाली, ते मला नवल वाटलं. "हात भाईर आलाय," ती म्हणाली. "मोडला तर उद्या आपल्याशी कोन बसंल?"

त्या दिवसापासून संध्याकाळी चुलीला जाळ लागायच्या आत दोघं अंगणातल्या दगडावर बसायचे. मध्ये टोपी. तो शिकवायचा, ती बोटं धरायची. पण तिनं काय धरलंय हे त्याला कळायचं नाही, म्हणून दर वेळी तो टोपी उचलून बघायचा.

"हे काय हाय?"

"सात."

"ही सात? ही मिठाची चिमूट हाय. घट्ट धर. बैल इकतीयास, भाजी न्हाई."

"अंडी इकतीया."

"तेच ते."

दहाव्या दिवशी फू तीनचाकी घेऊन आला. तीस पिल्लं मोजून खोक्यात गेली. पिल्लं नेताना ती चिवचिवत नाहीत, गप्प होतात. त्याचाच आवाज मोठा असतो. सूफेननं एकेकाचं पोट चाचपून दिलं. आजारी एकही दिलं नाही. नव्वदला दिलं म्हणून वाईट दिलं नाही.

मग फू म्हणाला, "अंडीबी हायती का? माझं मशीन रिकामं पडलंय. बाकीच्यांच्या लांडोरी अंडी घालायच्या थांबल्या यंदा, उन्हानं."

अंडी सव्वीस होती. सूफेननं सगळी बॅटरीच्या उजेडात धरून बघितली होती, तडा एकालाही नव्हता.

म्हातारा दगडावर बसला, टोपी गुडघ्यावर घेतली. सूफेन त्याच्या शेजारी टेकली. "टोपी मी धरते," ती म्हणाली. "बाबांचा हात थरथरतोय." आणि एका हातानं टोपी धरून दुसरा आत नेला. आमच्याकडे बाईनं टोपीखाली हात घातल्याचं मी तरी ऐकलं नव्हतं. फूचं लक्ष अंड्यांच्या टोपलीकडे होतं.

खाली काय झालं ते या वेळी मला ठाऊक आहे. सूफेननं नंतर बोट न् बोट सांगितलं.

वर, म्हातारा: "फू, तुला सांगतो, एका साली असाच एक बैल आला व्हता, एका शिंगाचा."

खाली: फूची चिमूट. सत्तर.

वर: "मालक म्हनतो, दुसरं शिंग घरी ऱ्हायलंय."

खाली: सूफेननं चिमूट मोडली. एक बोट, पुन्हा एक बोट. एकशे दहा.

वर, फू: "मंग?"

खाली: फूची बोटं थांबली. त्याचा अंगठा तिच्या नखावरून फिरला. नख अर्धं तुटलेलं होतं आणि त्यात खडू होता. शेजारी म्हाताऱ्याचा हात सरपणातल्या लाकडासारखा पडला होता, त्यालाही त्याचं बोट लागलं. फूनं तो हात जरा चिमटून बघितला. हात हलला नाही.

वर फूनं म्हाताऱ्याकडे बघितलं. म्हातारा त्याच्याकडेच बघत होता, गोष्ट सांगता सांगता. फूनं हात काढला असता तर म्हाताऱ्याचा हात मेलाय हे सगळ्या बाजाराला कळलं असतं.

वर, म्हातारा: "मंग मी म्हटलं, शिंग घिऊन ये, बैल ठेव हितंच."

खाली: फूचा आकडा. नव्वद. सूफेन: एक, एक. फू: एक बोट आणि मग नुसती हवा; शंभर. सूफेन: एक, एक. तिच्या हाताला घाम आला होता. टोपीची काडी मनगटाला टोचत होती.

वर, फू: "आनलं का त्यानं शिंग?"

वर, म्हातारा: "अजून वाट बघतोय मी."

खाली: फूनं हात दाबला.

लाजेनं दाबला म्हणा, नाहीतर मशीन रिकामं होतं म्हणून दाबला म्हणा. मला वाटतं दोन्ही होतं. पिल्लांत जे गेलं ते यात भरून निघालं नाही. निम्मंही नाही. पण तिनं पाटीवर लिहिलेल्या भावापेक्षा तो वर होता, आणि तो टोपीखाली झाला होता.

अंडी बांधायला भुसा कमी पडला. सूफेन दाराशी गेली, पिशवी उघडली आणि थंडीतला जाड कोट काढला. त्याच्या घड्यांत आठ अंडी बसली. मग लोकरीची बंडी. मग दोन चादरी. खोकं भरलं तेव्हा पिशवी जमिनीवर पालथी पडली होती. फू म्हणाला, "कपडे पुढच्या खेपेला आनून देतो, वैनी."

"थंडीच्या आत आना."

तीनचाकी सुरू करताना त्यानं मागे वळून बघितलं. "छू काका, मागल्या खेपेला हात लई थंड व्हता तुमचा. आज बरा वाटला."

"उन्हाळा हाय," म्हातारा म्हणाला.

गाडी वळणाआड गेली. मोर ओरडला. सूफेन दगडावर येऊन बसली, इतकी दमलेली की टोपी अजून तिच्या हातातच होती. म्हातारा तिच्याजवळ सरकला. मग हळूच, भिंतीला ऐकू जाऊ नये अशा बेतानं म्हणाला,

"कितीला इकली मी?"

तिनं सवयीनं त्याचा हात धरला आणि टोपीखाली नेला. मग तिच्या लक्षात आलं. तिनं टोपी बाजूला ठेवली. लख्ख उन्हात, कुणालाही दिसेल असं, त्याच्या डोळ्यांसमोर एक बोट धरलं. मग पुन्हा एक.

म्हाताऱ्यानं ते नीट बघून घेतलं.

"नख काप," तो म्हणाला. "टोपीखाली वळखू येतं."

"उद्या कापते," सूफेन म्हणाली आणि लांडोरींना पाणी घालायला उठली.